पाहुण्यांचा रस्ता

कस्तुरी दळण घेऊन घरी आली, तेव्हा दुपारची जेवणं उरकून इंदूरचं मल्हारगंज जरा सुस्तावलं होतं. कोपऱ्यावरच्या पितळी भांड्यांच्या दुकानाचा मालक गादीवर आडवा झाला होता. चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. दोन मजले चढून तिनं हिरवं दार ढकललं, पिठाचा डबा स्वयंपाकघरात ठेवला, आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज तिच्या कानावर आला.

"हां जी... हातोद सोडलं ना? मग आता सीधे या. कुठे वळायचं नाही."

ऋग्वेदची नोकरीच तशी होती. हायवेवर रात्री कोणाची गाडी बंद पडली, कोणी वाट चुकलं, की लोक ज्या नंबरावर फोन लावतात तिथे तो बसायचा. रात्रभर परक्यांना धीर द्यायचा, रस्ते सांगायचे, सकाळी घरी येऊन पोहे खायचे आणि पडदे ओढून दुपार टळेपर्यंत झोपायचं. ऐन झोपेच्या वेळी ड्यूटीचा फोन आला म्हणून कस्तुरी भडकली आणि फोन काढून घ्यायलाच आत गेली.

ऋग्वेद पालथा झोपला होता. फोन तर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता, तिनं येतानाच पाहिला होता.

"हो, ऐकतोय," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. मग थांबला. पलीकडचा माणूस बोलत असावा, इतका वेळ थांबला. "नाही, अजून बरंच लांब आहे. चालत राहा."

कस्तुरीला असं हसू फुटलं की तोंडावर ओढणी दाबून ती बाहेर पळाली.

"बोलतोय होय?" सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. शोभनाबाईंना यात नवल काहीच नव्हतं. "लहानपणी चालायचाही झोपेत. एकदा छापखान्यामागच्या बोळात उभा सापडला होता, नुसत्या चड्डीवर! पण जागं नाही करायचं हां त्याला. हात धरायचा, चुपचाप आणून झोपवायचं."

"काय बोलतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"रस्ता सांगतोय बाबा कोणालातरी. हातोदहून येणाऱ्याला."

गोपीनाथरावांनी पेपर बाजूला ठेवला. रस्ता म्हटलं की त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. इंदूरच्या माणसाला पत्ता विचारून बघा, हातातलं काम टाकून सांगेल. गोपीनाथराव तर त्यातलेही वरचे. रिटायर झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून ते जवळजवळ याच कामाला बसलेले असत. खाली कोणी चिठ्ठी हातात धरून इकडेतिकडे बघताना दिसला की वरून खास इंदुरी हाक, "क्या भिया, किधर जाना है?" आणि तेवढ्यानं समजलं नाही, तर ताटावरून उठून त्या माणसाला दारापर्यंत पोचवून यायचे. आपल्याला विचारून गेलेला माणूस आजवर चुकलेला नाही, हा त्यांचा अभिमान होता.

त्यांच्या स्वतःच्या घराला रस्ते दोन होते. एक पाहुण्यांचा. बडा गणपतीवरून सरळ बाजारात यायचं, पितळी भांड्यांच्या दुकानापाशी आत वळायचं, समोर लोखंडी जिना. दुसरा घरच्यांचा, बंद पडलेल्या छापखान्यामागचा बोळ. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, आणि नव्या माणसाला सांगूनही न सापडणारा. कस्तुरी नाशिकहून लग्न करून आली तेव्हा महिनाभर पाहुण्यांच्याच रस्त्यानं ये-जा करायची. ज्या दिवशी ती पहिल्यांदा बोळातून आली, त्या दिवशी गोपीनाथरावांनी जलेबी आणली होती. "आता तू घरची झालीस," म्हणाले होते.

तर दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती तिघं ऋग्वेदच्या पलंगापाशी जाऊन बसली. नाटक बघायला बसावं तशी. आणि नाटक सुरूही झालं.

"गांधीनगर आलं? वा."

गोपीनाथरावांनी मान डोलावली. रस्ता बरोबर होता.

मग रोजचा तो छंदच झाला. दुपार कधी होते, असं तिघांना होऊन जायचं. तो कोण असेल, यावर स्वयंपाकघरात नुसती चढाओढ. सासूबाई म्हणायच्या, गावाकडचा कोणी म्हातारा असेल. कस्तुरी म्हणायची, वरात वाट चुकली असेल. एअरपोर्ट मागे पडलं, कालानीनगर आलं, आणि प्रत्येक ठिकाणाला सासूबाई हळूच टाळी द्यायच्या. कस्तुरीला तर इंदूरचे पश्चिमेकडचे रस्ते नवऱ्याच्या झोपेतच पाठ झाले. ऋग्वेदला मात्र कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं की तो लाजणार आणि बोलणं बंद होणार. मग मजा काय राहिली?

मधूनच तो काहीतरी चमत्कारिक बोलायचा. "चपला नसल्या तरी चालेल." किंवा, "नाही, मी ओळखत नाही तुम्हाला." आणि एकदा, बराच वेळ ऐकून घेतल्यावर, "घरात? घरात कोणी नाही. मी एकटाच राहतो."

"हो का! आणि आम्ही काय मेलो?" सासूबाई कुजबुजल्या, आणि तिघंही तोंड दाबून हसली.

पाहुणा बडा गणपतीला पोचला त्या दिवशी तर कस्तुरीनं घरून चालणारं ऑफिसचं काम तसंच टाकलं. आता राहिलंच किती? एक बाजार, एक वळण.

"बडा गणपती ना? मग उजवीकडे वळा," ऋग्वेद म्हणाला. "राजमोहल्ला लागेल. तिथून पुढे लालबाग."

"अरे!" गोपीनाथराव ओरडता ओरडता थांबले. "हा कुठे पाठवतोय त्याला?"

दुसऱ्या दिवशी पाहुणा लालबागच्या भिंतीला वळसा घालत होता. तिसऱ्या दिवशी ऋग्वेदनं त्याला थेट हातोदच्या रस्त्याला परत लावून दिलं. तो बिचारा पुन्हा आला, पुन्हा बडा गणपतीला उभा राहिला, आणि पुन्हा, "उजवीकडे वळा." असं आठवडाभर चाललं. गोपीनाथरावांना जेवण गोड लागेना. मल्हारगंजात जन्मलेला मुलगा, रस्ते सांगायचा पगार घेतो, आणि याला स्वतःच्या घराचा रस्ता येईना!

"सरळ सांग ना रे, सरळ," ते शेवटी न राहवून म्हणाले.

ऋग्वेद दचकल्यासारखा गप्प झाला. त्याचा श्वास जोरात चालू लागला, कपाळावर घाम आला. "उजवीकडे," तो म्हणाला, पण आवाज आता विनवणीचा होता. "उजवीकडेच वळा हो..."

"याचं काही खरं नाही," गोपीनाथराव म्हणाले. आणि खाली वाकून, मुलाच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांनी गॅलरीतून सांगायचे तसं खणखणीत सांगितलं, "भिया, ऐका. बडा गणपतीवरून सरळ बाजारात या. डाव्या हाताला पितळी भांड्यांचं दुकान, तिथे आत वळा. समोर लोखंडी जिना."

मागे राहील ती कस्तुरी कसली? तीही वाकली. "दुसरा मजला! हिरवं दार!"

सासूबाईंनी टाळी वाजवली. "या हो या, चहा टाकते!"

पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. ऋग्वेदच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि नाकावरून उशीवर टपकलं. मग त्याचं तोंड उघडलं. पण आवाज त्याचा नव्हता. सावकाश, नीट, फार सभ्य माणसाचा आवाज.

"आभारी आहे," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही चौघं राहता तर."

हसणं जागच्या जागी थिजलं. सासूबाईंनी कस्तुरीचा हात धरला, तो चहाची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

त्या रात्री ऋग्वेद कामावर गेल्यावर कस्तुरीला झोप आली नाही. सकाळी तो आला आणि पोह्यांची ताटली घेऊन बसला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. तो आधी हसत होता. मग चमचा खाली ठेवला.

"हातोदकडून?"

"हो."

"माझ्याकडे एक फोन आला होता," तो म्हणाला. "महिना झाला असेल. नंबरच दिसत नव्हता स्क्रीनवर. मी विचारलं, गाडी कुठे बंद पडली सर? तर म्हणाला, गाडी नाही. मला तुमच्या घरी यायचंय, रस्ता सांगा." त्यानं ओठ पुसले. "मी कट केला फोन. दारू प्यायला असेल म्हटलं. पण कस्तुरी, यार... आवाज फार शांत होता. अंगावर काटा आला माझ्या."

"आणि झोपेत तू रोज रस्ता चुकत होतास. म्हणून बाबांनी..."

"मी चुकत होतो?" ऋग्वेद तिच्याकडे बघत राहिला. "बडा गणपतीवरून आपलं घर मला चुकेल असं वाटलं तुम्हाला?"

आता कुठे कस्तुरीच्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर हा माणूस झोपेत एकटा उभा राहून त्या कोणाला तरी दारापासून लांब फिरवत होता. घरात कोणी नाही म्हणून सांगत होता. आणि ती तिघं बाजूला बसून हसत होती.

"आज मला झोपू देऊ नका," ऋग्वेद म्हणाला.

रात्रभर जागून आलेल्या माणसाला दिवसा जागं ठेवणं म्हणजे काय, हे करून बघितल्याशिवाय समजत नाही. चहावर चहा झाले. सासूबाईंनी जुन्या लग्नांच्या गोष्टी काढल्या. गोपीनाथराव अपराधी चेहऱ्यानं मुलाच्या समोर बसून मोठमोठ्यानं पेपर वाचत होते. कस्तुरीनं त्याला गच्चीवर उन्हात फिरवलं, डोळ्यांवर पाणी मारलं, गाणी लावली. बारा वाजले, एक वाजला, आणि आता जमतंय, जमतंय असं वाटून तिला स्फुरण चढलं होतं. ती त्याच्यासाठी लिंबू चिरायला उठली. परत आली तर तो टेबलावर हात टेकून, त्यावर डोकं ठेवून झोपला होता.

"ऋग्वेद!" तिनं त्याला गदागदा हलवलं. जागं न करण्याचा नियम गेला खड्ड्यात. पण तो जागा होईना.

तो उठला मात्र. डोळे अर्धवट उघडे, बुबुळं स्थिर. कोणाकडेही न बघता तो थेट दारापाशी गेला, कडी चाचपून पाहिली, आणि दाराला पाठ लावून, पाय रोवून उभा राहिला.

तेव्हा खाली लोखंडी जिना वाजला.

भर दुपार होती. खाली भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. आणि त्या सगळ्या आवाजांतून एकेक पाऊल वर येत होतं. अनवाणी पायांचं... घाई नाही, दम लागलेला नाही. पहिला मजला झाला. दुसरा सुरू झाला. खरकटं पाणी वाळत आल्यावर येतो तसा आंबूस वास दाराखालून आत आला.

"इथे कोणी राहत नाही," ऋग्वेद झोपेत म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "इथे कोणी राहत नाही... चुकीचं घर आहे..."

पावलं दारापाशी येऊन थांबली. दार कोणी वाजवलं नाही.

"अहो..." सासूबाई म्हणाल्या. "अहो, काहीतरी करा."

गोपीनाथराव उठले. "मी बोलावलं ना? मग मीच विचारतो काय पाहिजे ते," ते म्हणाले. त्यांनी मुलाला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. कस्तुरी "बाबा, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी कडी काढली.

जिन्यात कोणीच नव्हतं. कठड्यावर शेजाऱ्यांची सतरंजी वाळत होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. वासही गेला. गोपीनाथरावांनी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात ऋग्वेद त्यांना ओलांडून बाहेर पडला आणि झोपेतच भराभर जिना उतरू लागला.

"अरे पडेल तो! धरा!" सासूबाई धावल्या. मागे गोपीनाथराव. "कस्तुरी, तू थांब," ते जाता जाता ओरडले, "दार उघडं टाकू नकोस!"

कस्तुरी गॅलरीत धावली. खाली ऋग्वेद छापखान्याच्या भिंतीला लागून बोळात शिरताना तिला दिसला. मागोमाग सासूबाई, मग बाबा. एकामागून एक तिघं आत गेली. ती कठडा घट्ट धरून उभी राहिली, देवाचं नाव घेत. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग ती तिघं दिसली! बाजाराच्या बाजूनं, भांड्यांच्या दुकानाला वळसा घालून, मधे ऋग्वेद, दोन्ही बाजूंना आईवडील. तिघंही हसत होती. कस्तुरीला रडूच फुटलं.

"काही नाही गं, सापडला," सासूबाई वर येऊन, त्याला पलंगावर निजवून म्हणाल्या. "झोपला आता. झालं ते झालं."

आणि खरंच झालं. त्या दिवसापासून ऋग्वेद झोपेत एक अक्षर बोलला नाही. उताणा झोपायचा, हात सरळ बाजूला, श्वासाचाही आवाज नाही. घरातली भीती गेली. सासूबाई शांत झाल्या, गोपीनाथराव गॅलरीतून उठून घरात बसू लागले, पेपर वाचू लागले. कस्तुरीनं देवाला नारळ फोडला. जिवावरचं संकट टळलं म्हणून ती इतकी खूश होती की पुढची गोष्ट लक्षात यायला तिला वेळच लागला.

ऋग्वेद कामावरून घरी यायचा तो आता बाजारातून यायचा. बडा गणपतीवरून सरळ, मग दुकानापाशी आत. जिन्याखाली क्षणभर थांबून वर बघायचा, मजले मोजल्यासारखा. सासूबाई भाजी घेऊन यायच्या, त्याही तशाच. बोळातून कोणीच येत नव्हतं. तिनं एकदा विचारलं, तेव्हा ऋग्वेद हसून म्हणाला, "कोणता बोळ?" थट्टा करत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. नवऱ्याकडे संशयानं बघायचं म्हणजे काय, आणि तेही इतक्या चांगल्या दिवसांत?

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. ऋग्वेद आत झोपला होता. गोपीनाथराव समोर बसून बशीतून चहा पीत होते, आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या.

"कस्तुरी!" पलीकडून आवाज आला. ऋग्वेद धापा टाकत होता. "अगं, एका भियाचा फोन मागून घेतलाय. मी झोपेत चालत आलो वाटतं. छापखान्यामागे आहे, पण हा बोळ संपतच नाहीये यार! पाच मिनिटं झाली, चालतोय, चालतोय..."

तिनं वळून आत पाहिलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावरचे दोन सरळ पाय तिला इथून दिसत होते.

"घाबरू नकोस," फोनमधला ऋग्वेद म्हणाला. "एकटा नाहीये मी. आईबाबाही आलेत माझ्यामागे. आई रडतेय जरा. तू फक्त खाली ये आणि हाक मार, किंवा रस्ता सांग. तू सांगितलंस की येऊ आम्ही."

आणि त्याच्या पाठीमागून, लांबून, पण अगदी स्पष्ट, तिला गोपीनाथरावांचा खणखणीत आवाज ऐकू आला. स्वतः हरवलेले असूनही ते तिथे कोणालातरी सांगत होते, "नहीं भिया, इधर से नहीं. सुनो, मैं छोड़ के आता हूँ तुमको..."

कस्तुरीनं हळूहळू मान वर केली.

समोर बसलेल्या गोपीनाथरावांनी बशी खाली ठेवली. ते तिच्याकडेच बघत होते, मायेनं. स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबल्या होत्या. आत पलंग करकरला.

"कोणी रस्ता विचारतंय का गं?" त्यांनी सावकाश, नीट विचारलं. "सांगू नकोस."